रिकामी खेप

लायपझिगला त्या हिवाळ्यात वही माझ्याकडे होती.
खिडक्यांना काळं मेणकापड, फटींत लोकर कोंबलेली.
ट्राउगॉट हेनिश, प्रयोगशाळेचा शिपाई,
सकाळी शेगडी पेटवायचा,
दुपारी डोळे द्यायचा. तासाला वीस फेनिग.

आधी अर्धा तास अंधारात मुरायचं,
मग छिद्रातून टाचणीच्या डोक्याएवढा उजेड.
दिसला?
दिसला.
मी चाचपडत रेघ ओढायचो.

अधूनमधून एखादी खेप रिकामी:
झडप उघडायची, मागे दिवाच नाही.
पीएचडीची पोरं अशा वेळी गप्प राहायची.
हेनिश म्हणायचा, दिसला.
एका मंगळवारी सात वेळा.

प्राध्यापक चिडले. खोटं बोलतोस?
नाही साहेब, तो म्हणाला,
त्स्विकाऊच्या खाणीत नवव्या वर्षी
दार उघडायला बसवलं मला.
कोळशाच्या गाडीचा कंदील
वळणावर दिसायच्या आधी दिसावा लागतो.
एकदा उशीर झाला.
आणि त्यानं माझा हात ओढून
आपल्या डाव्या पंजावर ठेवला.

बोटं तीन. अंधारातच मोजली.

वहीत रकाने दोन होते.
मी सातदा 'चूक' लिहिलं, तेही वळणदार अक्षरात.

आता माझ्याच डोळ्यांवर साय धरलीये,
आणि रात्री कधी कधी
समोर काही नसताना
टाचणीएवढं काहीतरी लुकलुकतं.
जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस तो.
एवढं तेल, म्हणजे
वातही कुठंतरी असणारच की.