लग्न दिसू नये असा फोटो

इनास मला फेरीवर ओळखतो.
चोडणहून रायबंदर, गेली अकरा वर्षं,
तो दोर सोडतो
आणि मी कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून उभा.
परवा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"पात्रांव, गुरुवारी वेळ आहे?
दोन-चार फोटो.
पण लग्न दिसता कामा नये."

तीस वर्षं मी लग्नं दिसावीत म्हणूनच पैसे घेतले.
रुसलेल्या आत्यांना पुढे ओढलं,
केकची सुरी तिसऱ्यांदा धरायला लावली,
अक्षता पुन्हा उधळायला लावल्या
(भटजी चिडायचे).
हल्ली दुकान चालतं पासपोर्टवर.
कान दिसू देत, दात नकोत, मागे पांढरं.
लिस्बनला गेलेलं अर्धं चोडण
माझ्या स्टुलावर बसून गेलंय.

पणजी, महापालिकेची बाग, साडेअकरा.
दुसरी सही करून ते चालत आले.
पहिली मागच्या महिन्यातली;
मधले दिवस दोघांची नावं
रजिस्ट्रारच्या फळ्यावर टाचणीला लटकत होती,
हरकत असेल त्याने कळवावे, वगैरे.
कालिंदी म्हणाली, "मी बांबोळीहून बस बदलून बघायला जायची,
कुणी काही खरडलंय का.
एकदा फक्त डास चिकटलेला."

ती रात्रपाळी संपवून थेट आलेली.
अबोली रंगाचा ड्रेस, वॉर्डातल्या पांढऱ्या चपला,
मनगटावर पेनाने लिहिलेला कुणाचा तरी ताप,
एकशे एक.
साक्षीदार म्हणून वॉर्डातली ब्रिजिदा
आणि फेरीचा इंजिनवाला तुळशीदास,
ज्याने बसताक्षणी उंडे आणि मिरचीभजी सोडली.

मी म्हणालो, तिकडे उभे राहू या, उजेड छान आहे.
कालिंदी म्हणाली, तिथून चर्चचा जिना येतो,
आईला कधी दाखवावा लागला तर?
मग ह्या पिंपळापाशी?
इनास म्हणाला, त्याला दोरा गुंडाळलाय,
माझी आई आधी दोराच बघेल.
असं करत करत
बागेतून एकेक गोष्ट वजा झाली.
उरला एक हिरवा बाक, मागे जास्वंदीचं कुंपण,
आणि रबरी नळी घेऊन हिंडणारा माळी.
त्याला वजा करायचं कुणाला सुचलंच नाही.

सवयीने मी म्हणालो, जरा जवळ.
त्यांनी भजीचा कागद मधे ठेवला
आणि तेवढीच जागा राखली.
इनासने हात बाकाच्या पाठीवर टाकला,
फेरीच्या कठड्यावर टाकतो तसा.
ब्रिजिदाने घड्याळ पाहिलं. त्याची पाळी दोनला.

आणि नळीचा जोड निसटला.
पाणी बाकाखालून आलं,
तिचे पाय वर, त्याचे पाय वर,
तुळशीदासने आधी भजी वाचवली,
माळी धावला तर नळी त्याच्याच अंगावर उलटली.
माझं बोट दाबलेलंच राहिलं.

कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर पाच डोकी वाकली.
फोटोत मधोमध माळी, चिंब, आभाळाला शिव्या घालणारा;
कडेला हललेले दोघं, चार पाय हवेत,
ओळखू येतील न येतील इतके.
"हाच," कालिंदी म्हणाली,
"हा भिंतीवर लावता येईल."
शर्ट पिळत माळ्याने विचारलं, कुणाचा वाढदिवस?
इनास म्हणाला, होय.

मी पैसे सांगितले चार पासपोर्टांचे.

दोनच्या फेरीला मीही होतो.
खाकी गळ्यातून नव्या शर्टाची कॉलर डोकावत होती.
स्कूटरवाला कुणी म्हणाला, सकाळी दिसला नाहीस?
"काम होतं," इनास म्हणाला, आणि रॅम्प वर घेतला.
कालिंदी कोपऱ्यातल्या बाकड्यावर,
पर्सवर डोकं ठेवून गाढ झोपलेली.
चोडण आलं. सगळे उतरले. मी उतरलो.
तिला त्याने उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुळशीदासला विचारलं,
किती फेऱ्या झोपली?
तो म्हणाला, मोजल्या नाहीत.
पाच तरी.