किरकोळ उपद्रव

पहिल्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षांच्या पोरांच्या पाठीमागे
एक दार आहे. पाटी: स्थानिक इतिहास.
पाटीवरचा क गळून पडला, तेव्हापासून शिपाई सांगतो,
"स्थानि इतिहासवाल्या मॅडम वर आहेत."

मी वर आहे. सोळा वर्षं.
कसरीची नि माझी हजेरी सारखीच,
फक्त तिचं पोट महिनाअखेरीलाही भरतं.

गंजक्या टाचण्या मी चिमट्यानं काढते,
बोर्नव्हिटाच्या बाटलीत साठवते.
ह्यांनीच कागद धरून ठेवले,
ह्यांनीच खाल्ले.

लोक आणून देतात:
बंद पडलेल्या व्यायामशाळेचं वर्गणीपुस्तक,
एका खानावळीची वही, तिच्यात
"साळवी. तेरा दिवस मासे नको. वडील."
एवढंच. पुढच्या पानावर साळवीला पुन्हा बांगडा.

तरी माझगावातली अर्धी माणसं माझ्याकडे नाहीत.
ज्यांनी काही विकत घेतलं नाही, कुठे सही केली नाही,
ज्यांचा फोटो कुणी काढला नाही,
ती ह्या कपाटांत शिरलीच नाहीत.

मंगळवारी इंदुमती कीर आल्या.
पिशवीत रेशनकार्ड, त्याच्या पोटात आणखी जुनं रेशनकार्ड,
कांदा सोलावा तसं एकेक उलगडत म्हणाल्या,
"साहेब म्हणतो, ह्याच्याही आधीचा कागद आणा.
आम्ही होतो, त्याचा."

तीन दिवस शोधलं.
पाणीपट्टी: नाही. मतदार यादी: ते पान उंदरांनी नेलेलं.
नकाशात पिंपळबाव आहे, निळा ठिपका,
भोवती कुणीच राहत नसल्यासारखं पांढरं.

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
गठ्ठा क्रमांक चाळीस: उपद्रव, किरकोळ, १९३४.
श्री. सोराबजी घडियाली तक्रार करतात, तिरक्या इंग्रजीत,
की बावडीजवळ एक कोंबडा रोज पहाटे साडेतीनला ओरडतो
आणि त्यांच्या पत्नीची प्रकृती नाजूक आहे.
खाली निरीक्षकाची मोडी, घाईतली:
"जागेवर जाऊन पाहिले. कोंबडा आढळला.
मालक भिकाजी गोविंद कीर, घर नंबर अकरा,
विहिरीच्या उत्तरेस. समज दिली."

समज कुणाला दिली, ते लिहिलेलं नाही.

खुर्चीत मागे टेकून मी एकटीच हसले. मग हसणं थांबलं.
भिकाजी कीर माड चढला असेल, लग्न केलं असेल,
ताप आला असेल, पोरं झाली असतील,
कुणीही लिहून ठेवलं नाही.
कुणाची तरी झोप मोडली, तेव्हा कुठे कागद निघाला.

इंदुमतीबाईंना मी मोडी वाचून दाखवली,
कागदाला न टेकता बोट फिरवत.
त्या बोटाबरोबर मान हलवत राहिल्या.
मला वाटलं रडतील.
"घर आमचंच. विहिरीच्या उत्तरेस, बरोबर.
पण कोंबडं आमचं नव्हतं हो.
ते पास्कूचं. शेजारच्या.
आजोबा मरेस्तोवर सांगायचे,
पास्कूचं कोंबडं माझ्या नावावर घातलं."

झेरॉक्स दोन प्रती, शिक्का, पावती चार रुपये.
दारात थांबून चप्पल घालता घालता:
"ते तेवढं दुरुस्त होईल का, बाई?"

मूळ कागदाला हात लावायचा नाही.
नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते.
पोरं वह्या आवरत होती, पंखे एकेक बंद होत होते,
मी कोरं कार्ड काढलं. विषय:
घरे? विहिरी? भंडारी समाज?
सगळं लिहिलं, शेवटी कोंबडा हेही लिहिलं,
आणि त्याखाली पेन्सिलीनं, उद्या कुणी खोडू शकेल इतकं हलकं:
कोंबडा पास्कूचा. (नातीनं तोंडी सांगितलं.)

पास्कूचं ह्या खोलीत एवढंच होतं.
तेही नव्वद वर्षं दुसऱ्याच्या नावावर.
आडनाव, घर नंबर, दिशा
यांच्यासाठी तीन ओळी रिकाम्या सोडल्या
आणि शिपायाला म्हटलं, दिवा राहू दे,
मी गठ्ठा एकेचाळीस काढतेय.