विडीचा चटका

मोगी वेळीप, वय एकेचाळीस, राहणार गावडोंगरी.
तापाचा पाचवा दिवस.
मलेरियाची काच कोरी. डेंगीची पट्टी कोरी.
मी दोन्ही कोरेपणं वहीत उतरवली
आणि पेन पुन्हा अंबाड्यात खोचलं.

चवथ उलटून महिना झाला होता.
काणकोणच्या डोंगरांवर करड कमरेएवढं,
कोयता घेऊन वाकलेल्या बायका
आत शिरल्या की दिसेनाशा होतात,
नुसतं गवत हलत राहतं.

डॉक्टर कुलासो बाई, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली,
म्हणाल्या, पडदा ओढ.
काखा पाहिल्या. कानांमागे. स्तनांखाली.
मोगी भिंतीवरच्या लसीकरणाच्या बाळाकडे
एकटक बघत राहिली.

कापडाची गाठ रोज जिथे आवळली जाते
तिथे, गाठीच्या अगदी खाली,
मसुराएवढी काळी खपली.
कडेला लाल. दुखत नाही, खाजत नाही,
म्हणून कुणाला सांगितली नाही.
आणि सांगणार तरी कुणाला, त्या जागेचं?

"इथं जेवून गेलाय," बाई म्हणाल्या,
ओळखीतल्या कुणाचं उष्टं ताट दिसावं तशा.

जेवणारं म्हणजे किड्याचं पिल्लू, तांबडं,
नखाच्या काळ्या कडेत मावेल एवढं.
पात्याच्या टोकाला पाय पसरून बसतं,
कुणीतरी उबेचं जवळून जाईल म्हणून.
उंदीर असला तर बरा. घूस चालेल.
मोगीही चालली.
उभ्या जन्मात अंगावर एकदाच जेवतं,
मग मातीत उतरतं, मोठं होतं,
पुन्हा कुणाच्या रक्तामासाच्या वाटेला जात नाही.
तापाचे जंतू त्याला आईने दिलेले,
अंड्यात असतानाच,
आमच्याकडे कुणाला दमा मिळतो
कुणाला कोर्टातली जमीन, तसे.
आपण काय पोसतोय हे त्याला ठाऊकही नसणार.

मला राग धरायला कुणीतरी हवं होतं.

गोळ्यांची पट्टी चार उंड्यांच्या पैशांत येते.
दिवसातून दोनदा, भरपूर पाण्याबरोबर.
दुसऱ्या संध्याकाळी मोगीला घाम फुटला,
तिने पेज मागितली,
वर मिठातला आंबा आहे का विचारलं.

मी चादर बदलत होते. तेव्हा म्हणाली,
"घोवाकय असोच आशिल्लो.
हांगा, खाकेंत.
बिडयेचो चटको म्हण सोडलो."

शाणू वेळीप. मागचा कार्तिक.
नऊ दिवस ताप, दहाव्या दिवशी
बांबोळीला नेणारी गाडी मडगावपर्यंतच गेली.
त्याच्या कागदावर काय होतं ते तिला वाचता येत नाही.
मला येतं.
'ताप. कारण अज्ञात.'
अक्षर माझं.

कुलासो बाई त्या आठवड्यात
मुलीकडे पोर्तुगालला होत्या, असं मी म्हणू शकते.
ओपीडी दारापर्यंत आली होती, असं म्हणू शकते.
त्याचा शर्ट कुणी काढला नव्हता.
निळा होता, शाळेच्या गणवेशाच्या कापडाचा,
हे मात्र आठवतं.

"विडी ओढायचे का?" मी विचारलं.
उगीच. काहीतरी विचारायचं म्हणून.
तिने पेजेतली शितं बोटाने एका कडेला केली.
"सोडिल्ली," म्हणाली. "पांच वर्सां."
आणि मग आम्ही दोघीही
त्या बाळाकडे बघत बसलो.

घरी जाताना मी नेहमीचं सांगितलं:
लांब बाह्या. गवतावर बसू नको,
धुतलेलं गवतावर वाळत घालू नको.
परतल्यावर साबण लावून आंघोळ, कपडे गरम पाण्यात.
ती मान डोलवत होती, मनात
गोठ्यातल्या गाईपुढे कोण काय टाकत असेल
याचा हिशोब चाललेला दिसत होता.
आणि पायात मोजे, मी म्हटलं, गुडघ्यापर्यंतचे.
गावडोंगरीत कोण घालतं मोजे,
हे माझं मलाच ऐकू आलं.

पण ती म्हणाली, आहेत.
शाणूचे.
पुतण्याच्या लग्नाला बुटांबरोबर घेतलेले.
एकदाच घातलेत.