बेचाळिसाव्या फुटावर

साक्रीकडच्या एका विहिरीत
बेचाळिसाव्या फुटावर यारी थांबली.
दोन काळ्या कातळांच्या मधे
वीतभर राखाडी पट्टी,
तिच्यात हा आडवा.
धुडकूनं टिकावानं वाजवून पाहिला:
"लाकूड शे हाई, पन जयाव नही."

धुळ्यात, कॉलेजच्या करवतीवर
मी त्याची चकती कापली.
कडेनं मुळांचीच गोधडी,
आत घोड्याच्या नालांसारख्या
वाकलेल्या नळ्या.
वर्तुळं नाहीत.
नेच्याला ती नसतातच,
त्याला वय विचारू नये.

नेचा, माडासारखा उभा!
म्हणजे एक लाव्हा निवला,
दुसरा यायचा होता,
आणि मधल्या सवडीत इथं
ओल हटत नव्हती,
कोवळी पानं मुठी उघडत होती
कुणा उंच झाडाच्या सावलीत.
कुणाच्या, ते पट्टीत सापडलं नाही.

बाहेर चव्वेचाळीस अंश.
धुडकू सगळं ऐकून घेतो, विचारतो,
"मंग आते पानी कितलं खाले शे?"
मला तेव्हाचं सांगता येतं.
आत्ताचं नाही.

चकती वाळली की नक्षी पुसट होते.
तो माठातून पेलाभर घेतो,
अर्धं पितो,
अर्धं तिच्यावर ओततो.