थेंब पडतोय

दोन वाजता मी झोपलेले नव्हते,
चौतीस खाटांच्या मधोमध उभी,
कुणाचं तरी अँटिबायोटिक पातळ करत.
ती म्हणाली, सिस्टर, हात गार लागतोय.
मी लांबूनच वर पाहिलं, बाटलीकडे.
म्हटलं, थेंब पडतोय ना? मग चालू आहे.

थेंब पडत होता.
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर भार्गवीचा उजवा पंजा,
त्यावर मीच गुंडाळलेली पट्टी, तीन वेढे जास्तच,
पोरगी उपसून काढेल म्हणून.
आत काय चाललंय ते पट्टीला माहीत.

चारला पोरगी नोप्पी, नोप्पी करत रडायची थांबली.
थांबली, याचं मला बरंच वाटलं.

साडेपाचला पट्टी सोडली.
पंजा कुठे संपतो नि मनगट कुठे सुरू होतं, कळेना.
कातडी ताणलेली, चकाकती, भिजल्या साबुदाण्यासारखी.
पिवळ्या टोपणाची ती बारीक सुई शिरेतून कधीच निसटलेली
आणि रात्रभर मी भरत होते
दीड वर्षाच्या मांसात मीठ-साखरेचं पाणी.

डॉक्टरांनी एक शब्द लिहिला. हात उंच ठेवा, असंही लिहिलं.
नशीब, नुसतं सलाईन होतं, कॅल्शियम असतं तर...
ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी अर्धंच सोडलं.

आई काही बोलली नाही.
विडी घरकुलातली पुष्पलता,
बोटांच्या पेरांवर तंबाखूचा न धुतला जाणारा रंग.
मागं एकदा सांगत होती, रोज हजार पानं हाताखालून जातात,
जाड शीर अंधारातही कळते,
ती राहिली की पान वळताना फाटतं.

नवी सुई घेऊन मी डावा हात चाचपला, मग कोपर,
मधे मधे जुन्या टोचण्यांचे निळे डाग.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा टोचलंच नाही,
माझाच हात थरथरत होता.
तिनं पोरीचा पाय मांडीवर घेतला,
घोट्यापुढे अंगठा ठेवला, सरकवला, थांबवला.
इथं, म्हणाली.

इथं होती.

सहा वाजून गेले. सोलापूरचं ऊन
खिडकीच्या गजांना हात लावू देईना.
रजिस्टरात लिहिलं : जागा बदलली, डावा पाय.
'कारण' या रकान्याला जेमतेम दोन बोटं जागा.
आधी कुणाला कळलं, असा रकानाच नाही.

या वेळी पट्टी एकच वेढा, बोटं उघडी.
बाटलीकडे न बघता मी तिला विचारलं,
कसा लागतोय?
तिनं अंगठा ठेवला. वेळ घेतला.
कोमट, म्हणाली.