वाराई

चिंचबंदरच्या गाळ्यात मी नग लिहितो.
वाराई, थप्पी, भराई, असे रकाने तीन.
एका नगाला एक उभी रेघ, पाचवी आडवी.
अठरा वर्षांत एवढ्या रेघा मारल्यात
की झोपेतही बोट चादरीवर चालत असतं,
बायको म्हणते.

रेघेखालून जो माणूस जायचा
तो कोंडीराम पार्टे, जावळीकडचा,
बिल्ला चौदाशे सव्वीस.
त्याचं तोंड मला फार उशिरा माहीत झालं.
पहिलं वर्षभर नुसती गोणी यायची,
तिच्याखाली दोन पाय,
आणि गोणीतून आवाज: "लिहा."

हळदीच्या दिवशी टोळीतले चौदाही जण
पिवळे होऊन नळावर उभे,
जणू एकाच मांडवातले चौदा नवरे.
सुंठ हाडाला लागते, तो सांगायचा,
धण्याचं पोतं कानाशी बोलतं,
खोबरं मात्र डोईवर कूस बदलतं,
त्याचा भरवसा नाही.

मग नियम आला. शंभराची गोणी पन्नासाची झाली.
"मान सुटली का रे?" मी विचारलं.
"मान सुटली," तो म्हणाला, "पाय अडकले."
गोणी अर्धी, म्हणजे फेऱ्या दुप्पट.
माझ्याही रेघा दुप्पट झाल्यात,
असं मी त्याला सांगितलं,
आणि सांगून झाल्यावर
टाक पुसत बसलो बराच वेळ.

एकदा भर दुपारी वीज गेली, काटा मेला.
दारात गुंटूरचा ट्रक, त्याच्यामागे गल्लीभर हॉर्न.
शेठ म्हणाला, पार्टे, आज तूच काटा.
तो फळीवर उभा राहिला.
गोणी डोईवर घ्यायची, डोळे मिटायचे, बोलायचं.
पन्नास.
पन्नास.
पन्नासला पावशेर कमी.
पन्नास.
एकेचाळिसाव्या गोणीला थांबला.
"हिच्यात कुणी हात घातलाय. दोन किलो."

शेठने ड्रायव्हरला धरलं,
ड्रायव्हरने क्लीनरला,
क्लीनरला धरायला कुणी नव्हतं.
पंधरा-सोळाचं पोर, मिसरूडसुद्धा नाही,
ट्रकच्या चाकाकडे बघत उभं.

"थांबा," पार्टे म्हणाला, "परत द्या."
परत घेतली. डोळे मिटले.
या वेळी फार वेळ मिटले.
हॉर्न वाजत होते.
"पन्नास," म्हणाला.
"सकाळपासून मान धरलीय, शेठ. चुकलं."

वीज तासाभराने आली, तोवर
ती गोणी थप्पीत सगळ्यांत खाली गेली होती,
तिच्यावर नऊ.
मी तिचीही रेघ मारली होती,
इतरांच्याच उंचीची.
अठरा वर्षांत तेवढी एकच रेघ मला आठवते.

साठी झाली तेव्हा बोर्डाचा चेक
मीच त्याच्या हातावर ठेवला.
त्याने तळहात जरा वर-खाली करून पाहिला.
"पाच किलोच्या खालचं
मला कळत नाही, मास्तर."

चुंबळ तो खुंटीवर विसरला
की ठेवून गेला, कोण जाणे.
जुन्या लुगड्याची आहे, हिरवट काठाची,
मधला खड्डा तेलाने काळा.

काल गाळा बंद करताना, कुणी नाही बघून,
ती डोक्यावर ठेवली.
बसेना. तिला दुसरंच डोकं ठाऊक.
एका हाताने धरून वाकलो,
दुसऱ्याने गोणीचा कान धरला,
मग दोन्ही हातांनी,
मग चुंबळ पडली.
गोणी गुडघ्यापर्यंत आली.
तिथे मिरची नाकात गेली
आणि मी असा शिंकलो
की बाहेरून वॉचमन शटर बडवायला लागला.

वहीत नग एक
आधीच लिहून ठेवला होता.
तो खोडला.