साडेनऊ गुण

लोफोतेनच्या या टोकाला माझं दुकान.
दोर, गळ, रबरी बूट, रंगाचे डबे,
आणि काउंटरमागच्या काचेच्या कपाटात
सुऱ्या.
फेब्रुवारीत मासा येतो. माशामागून पोरं,
शाळा सुटली की थेट धक्क्यावर,
कॉडच्या मुंडक्यांच्या ढिगाशी.
मुंडकं खिळ्यावर रोवायचं, पातं फिरवायचं, जीभ बादलीत.
किलोमागे पैसे. ते पोरांचेच,
घरच्यांनी हात लावायचा नाही.

सुन्निवा अकरा वर्षांची. आली,
लोकरी मोजे दातांनी ओढून हात मोकळे केले,
नोटा मोजून ठेवल्या. नोटांना माशाचा वास.
म्हणाली, "चांगली सुरी."

मी कात्रण दाखवलं, कपाटाच्या दारावर चिकटवलेलं,
ओस्लोतल्या कुणा तज्ज्ञाचं:
तेवीस सुऱ्या, सहा आठवडे, यंत्रावर मोजलेली धार,
कागद, टोमॅटो, भिजलेला दोरखंड.
पहिली आली ती ही. दहापैकी साडेनऊ.
(खरं सांगतो, ती सुरी मी फक्त पुसलीय,
आठवड्यातून एकदा, फडक्याने.)
"त्यांनी जिभा कापल्या?"
मी कात्रण पुन्हा वाचलं. सोडवून, उलटूनही पाहिलं.
मागे गालिच्यांची जाहिरात होती.

शेगडीपाशी तूरलाइफ, कॉफी पीत. तो असतोच.
"तज्ज्ञ!" म्हणाला,
काटा थुंकावा तसं.
कमरेची सुरी काढून पुढ्यात ठेवली:
बर्चची मूठ काळी पडलेली, पातं झिजून करंगळीएवढं.
"एकेचाळीस हिवाळे. अशीच घे. दुसरीकडे बघू नकोस."
सुन्निवाने ती घ्यायला हात पुढे केला
आणि तिला त्याचा पंजा दिसला.
"ही दोन बोटं कुठल्या सुरीने गेली?"
शेगडीत लाकूड तडकलं.
"हिनेच."
मग बऱ्याच वेळाने,
"चूक तिची नव्हती."

आता मी काय सांगणार?
एकाने सगळं मोजलं होतं, सोसलं काहीच नव्हतं.
दुसऱ्याने सोसलं होतं,
पण बाकीच्या बावीस कधी हातातसुद्धा धरल्या नव्हत्या.
आणि मी या दोघांच्या ओंजळीने पाणी पिऊन
तीस वर्षं दुकान चालवलेलं.

ती बाहेर गेली. बादली घेऊन आली.
माझ्या न वाचलेल्या वर्तमानपत्रावर
कॉडचं मुंडकं ठेवलं, डोळे उघडे, बर्फ ठिबकणारं.
मी नको नको म्हणेपर्यंत पहिली सुरी चालली होती.
"ओली झाली की फिरते," साडेनऊवालीला म्हणाली.
तूरलाइफच्या मुठीत अंगठ्याची खोबण नेमकी पलीकडच्या बाजूला.
तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं:
पोरगी डावरी.
गेल्या दोन वर्षांत तिला मी
किती वेळा सुटे पैसे दिले होते!

घेतली तिने लाल प्लास्टिकच्या मुठीची,
खालच्या फळीवरची, आमिष चिरायची,
कात्रणात तेविसावी: "धार टिकत नाही."
ईस्टरपर्यंत खरंच टिकली नाही.
लिहिलेलं खोटं नव्हतं, मी सांगितलंही.
"माहितीय," म्हणाली. "दगड द्या."

पुढच्या हिवाळ्यात इव्हार आला, नऊ वर्षांचा,
मुठीत घामेजलेली एकच नोट.
"कुठली घेऊ?"
मी कात्रणाकडे पाहिलं, पिवळं पडलंय.
तूरलाइफकडे पाहिलं, तो पेंगत होता.
सुन्निवा दगडाला तेल लावत होती.
"तिला विचार," मी म्हणालो.
"मागच्या साली सहाशे किलो कापल्यात तिने."

लाल मूठ तिच्या ओठांवर आली होती,
मला स्पष्ट दिसली.
तिने ती गिळली.
"हात दाखव," म्हणाली.
"हा नाही रे.
पेन्सिल धरतोस तो."